उघडं दार म्हणजे अपरिग्रह नव्हे

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आपलं दशलक्षण पर्व सुरू होतं. डागा लेआउटमधल्या माझ्या नणंदेच्या घराचं मागचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं. पाणी ओसरल्यावर जो तो सांगे, ‘पंचनाम्याआधी कशाला हात लावू नका.’ दोन रात्री घर उघडं! पुराने सोडलेली सासूबाईंची पितळी भांडी चोराने नेली. वर मंदिरात एक काकू म्हणाल्या, ‘अपरिग्रह समज.’

मला हे मुळीच पटत नाही. परिग्रहाला मर्यादा घालणं हे व्रत. चोराला वाट मोकळी ठेवणं हा निव्वळ आळस. कुटुंबामागे १०,००० रुपये सरकारी मदत जाहीर झाली, त्यात धड दारही होत नाही.

आधी फोटो काढा, मोडकं दार जपून ठेवा आणि त्याच दिवशी सुताराला बोलवा. जाड प्लाय चौकटीला आतून स्क्रूने बसवायचा. खिळे नकोत, ते उपटले जातात. पावती ठेवा. मी कॉमर्सवाली, पॉलिसी वाचते: पुढचं नुकसान टाळायची काळजी आपणच घ्यायची असते.

घरफोडी झाली असेल तर मात्र आधी ११२, मग सुतार.