न लंगडणारा पाय

मागच्या महिन्यात एक मधुमेही आजोबा पायाला पट्टी बांधून आले. दीड महिना एक दिवसाआड ड्रेसिंग चालू होते, अँटिबायोटिक दोनदा बदलून झाले होते. जखम तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढी; कडेने पांढरा, जाड घट्टा. तपासून झाल्यावर आजोबा उठले आणि त्याच पायावर सगळा भार टाकून दारापर्यंत चालत गेले. जराही लंगडले नाहीत. जखमेपेक्षा मला त्या चालण्याचीच धास्ती वाटली.

दुखरा पाय माणूस आपसूक उचलून धरतो. बधिर पायाला ती सोय नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हे ओळखले होते, आणि पुढे अमेरिकेत कारव्हिलला मधुमेहींच्या पायांनाही तेच ज्ञान लावले. कुष्ठरुग्णांना मिळणारी एमसीआरची चप्पल आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. मग तळव्याच्या न्यूरोपॅथिक जखमेला आपण नुसते मलम का लावत बसतो? २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली पसंती जखमेवरचा भार कमी करणाऱ्या, गुडघ्यापर्यंतच्या, रुग्णाला काढता न येणाऱ्या साधनाला आहे. काढता येणारे साधन घरी गेल्यावर कोपऱ्यात पडते.

अर्थात त्याआधी जंतुसंसर्ग आणि रक्तपुरवठा पाहायलाच हवा. इथे एक फसगत होते. मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचते, त्यामुळे घोट्याचा दाब खोटाच चांगला दिसतो. एबीआय १.३च्या वर आला तर निश्चिंत होऊ नका, अंगठ्याचा दाब मोजून घ्या. तो ३० मिमीच्या खाली असेल तर रुग्णाला तातडीने रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवा.

आपल्या तोंडी एक वाक्य बसले आहे: ‘आधी शुगर खाली येऊ दे, मग पायाचे बघू.’ या वाक्याने पाय गेलेले मी पाहिले आहेत. मुळात शुगर चढलेली असते ती आतल्या पुवामुळे. पू काढल्याशिवाय ती उतरणार कशी? काळे पडलेले बोट, जखमेभोवती दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलेली लाली, प्रोबला लागणारे हाड, थंडी-ताप, यातले काहीही दिसले तर रुग्णाला पुढे पाठवण्याची चिठ्ठी त्याच दिवशी लिहावी.

मधुमेहात पाय काढावा लागलेल्या रुग्णांत सुमारे ८५ टक्क्यांना आधी जखम झालेली असते. म्हणजे पाय जाण्यापूर्वी बहुतेक जण कुणा ना कुणा डॉक्टरसमोर बसलेले असतात. पायाची संवेदना तपासायला मोनोफिलामेंट नसले तरी अडत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी हलकेच बोट लावा. सहापैकी दोन स्पर्श कळले नाहीत, तर तो पाय जोखमीचा. जखम भरली तरी जोखीम उरतेच, सुमारे ४० टक्के रुग्णांना वर्षभरात पुन्हा जखम होते.

आजोबांना प्लास्टर घातले आहे. देवळात जाता येत नाही म्हणून कुरकुरतात. दर आठवड्याला प्लास्टर बदलताना मी त्यांचा दुसराही मोजा काढून पाहतो.