200 लिटर जीवामृतात नत्र किती? घरच्या खताचा साधा हिशेब

एका ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवायचं, काठीने ढवळायचं, 'आता युरियाची गरज नाही' असं म्हणायचं. असे रील तुम्हीही पाहिले असतील. आता यात सरकारही उतरलं आहे. 25 नोव्हेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. खर्च 2,481 कोटी रुपये, लक्ष्य 1 कोटी शेतकरी. शेतकऱ्यांना तयार जीवामृतासारख्या गोष्टी जवळपास मिळाव्यात म्हणून देशभरात 10 हजार केंद्रं उभारायची आहेत.

पण ड्रममध्ये खत असतं किती?

एका एकरासाठी 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालतात. शेणातलं, गोमूत्रातलं आणि बेसनातलं नत्र जोडलं तर ढोबळमानाने पाव किलोच्या आसपास जातं. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत ते 20 किलोहून जास्त असतं. म्हणजे जीवामृत फसवं आहे का? नाही. पद्मश्री सुभाष पाळेकर स्वतःच त्याला खत नव्हे, विरजण म्हणतात. अडचण अशी की विरजण लावायला आधी दूध लागतं. जमिनीत काडीकचराच नसेल तर जिवाणू खाणार काय? पाळेकरांच्या पद्धतीत आच्छादनही आहे, रीलमध्ये ते गळून पडतं.

दूध म्हणजे कंपोस्ट. त्याची पद्धतही आपल्याच मातीतली: पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच असं जाळीदार विटांचं टाकं. त्यात साधारण 1,400 किलो काडीकचरा, जवळपास तितकीच किंवा थोडी जास्त माती आणि शेण फक्त 100 किलोच्या आसपास. तीन-चार महिन्यांत अंदाजे 3 टन खत. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तरी 15 किलो होतं. सगळं पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही, हेही खरं. पण शेण कमी लागतं, आणि ज्यांच्या दावणीला आता एखादंच जनावर उरलंय, त्यांच्यासाठी हाच मोठा मुद्दा आहे.

भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावात कचऱ्याची वानवा नाही. कपाशी, मका, मिरची. हंगाम संपला की पऱ्हाटी थोडी चुलीत जाते, उरलेली बांधावर पेटवतात. त्यामागे आळस नाही. पऱ्हाटी शेतात तशीच उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला घर मिळतं, आणि अख्खी काडी लवकर कुजतही नाही. कुट्टी केली, ओली ठेवली, शेणकाला मारला की कुजते. ढीग नीट तापला तर अळीही जगत नाही. पण कुट्टीयंत्र एकट्या शेतकऱ्याला परवडणारं नाही. माझ्या मते नव्या केंद्रांनी ड्रम विकण्याआधी गावोगाव फिरतं कुट्टीयंत्र भाड्याने द्यायला हवं. अभियानाचा पैसा तिथे जास्त उपयोगी पडेल.

परसबाग किंवा गॅलरीतल्या कुंड्यांचा हिशेबही हाच. भाजीची देठं, साली आणि त्यांच्या दुप्पट-तिप्पट वाळकी पानं एकत्र करा. नुसत्या ओल्या कचऱ्याला वास मारतो, तो पानं कमी पडल्यामुळे. खत तयार झालं की मूठभर बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि मुळाशी ओता. दशपर्णी अर्क मात्र खत नव्हे. तो किडींना दूर ठेवण्यासाठी, आणि मुरायला महिनाभर लागतो.

एक गोष्ट रीलवाले क्वचितच सांगतात. ताज्या शेणाची स्लरी कोथिंबीर, पालकाच्या पानांवर फवारू नका. त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, आणि कोथिंबीर आपण कच्चीच खातो. स्लरी मातीतच ओता, तीही काढणीच्या बऱ्याच आधी.