सॉफ्टनरने जुना पाइप मोकळा होत नाही



‘नळाला धार नाही, सॉफ्टनर बसवा’ हा आपल्या वाचकाचा सल्ला अर्धवट आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, हे मान्य. पण थंड पाण्याच्या जुन्या जीआय पाइपमध्ये खरा शत्रू बहुतेकदा गंज असतो. जस्ताचा मुलामा संपला की आतून तांबूस फोड धरतात आणि क्षार त्यांच्यावर बसतात. आमच्या इमारतीत प्लंबरने कापलेल्या अर्धा इंची तुकड्यातून पेन्सिलही जाईना! आतला व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच दाबाला पाण्याचा पाचवा हिस्साही येत नाही. सॉफ्टनर पुढचा क्षार रोखेल, जुना गंज कसा काढणार?

क्षारांचा खरा उपद्रव गिझरमध्ये. पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. म्हणून आधी एवढंच पाहा: फक्त गरम नळ मंद असेल, तर गिझर आणि त्याची लाइन तपासा. एकच नळ मंद असेल, तर तोंडाची जाळी काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत घाला. काम फुकटात होतं. सगळ्यात वरच्या मजल्याची गोष्ट निराळी. टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक बार दाब मिळतो. तिथे टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर.

घरभर धार बारीक असेल, तर सॉफ्टनरचे पैसे आधी सीपीव्हीसी पाइपला लावावेत.

– एक वाचक, सोलापूर