केशतेल : औषध की शृंगार?

२०२५ सालच्या २२ सप्टेंबरपासून केसांचे तेल आणि शाम्पू यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी आयुर्वेदिक औषधांवरील करही १२ टक्क्यांवरून ५ वर उतरला. मध्यम वर्गाच्या मासिक खर्चाला थोडाफार दिलासा मिळाला, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु या कपातीमुळे आणखी एक गोष्ट घडून आली आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. केसांना लावावयाचे औषधी तेल हे औषध समजावे की सौंदर्यप्रसाधन, या प्रश्नावर कारखानदार आणि करखाते यांच्यात वर्षानुवर्षे चालत आलेले भांडण त्या दिवशी, तेल आणि शाम्पूपुरते तरी, निरर्थक झाले. दोन्ही बाजूंना कर सारखाच असल्यावर भांडावयाचे कशासाठी? मूळ प्रश्न मात्र जागच्या जागी आहे.

आमच्या घरांतून आजही माका, जास्वंद आणि ब्राह्मी घालून खोबरेल उकळले जाते. ते औषध की शृंगार, असा प्रश्न कोणा आजीबाईंना पडल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या तेलावर कर नव्हता, हे त्याचे कारण! प्रश्न निर्माण केला तो शुल्कसूचीने. १९८५ च्या केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्याच्या सूचीत औषधे तिसाव्या प्रकरणात आणि सौंदर्यप्रसाधने तेहतिसाव्या प्रकरणात घातली गेली, आणि दोहोंच्या दरांत मोठे अंतर राहिले. सूचीकारांनी पुढे अशीही टीप जोडली की, एखाद्या प्रसाधनात गौण प्रमाणात औषधी द्रव्ये असली तरी ते प्रसाधनच राहील. सारा घोटाळा या ‘गौण’ शब्दात आहे. गौण कशाला म्हणावयाचे आणि मुख्य कशाला, हे ठरविण्यासाठी पक्षकार सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले.

१९९५ या एकाच वर्षात त्या न्यायालयाने दोन निकाल दिले. ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. नागपूरच्या वैद्यनाथ आयुर्वेद भवनाचे लाल दंतमंजन हे औषध आहे, असा कंपनीचा दावा होता. घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांतले आहेत, हे कंपनीने दाखविले; पण लोकव्यवहारात मंजनाकडे औषध म्हणून कोणी पाहत नाही, असे सांगून न्यायालयाने तो दावा फेटाळला. औषध माणूस रोग झाला असता आणि काही काळापुरते घेतो. मंजन तो रोज सकाळी वापरतो. दुसरा निकाल ‘सेल्सन’ या शाम्पूचा. त्यात २.५ टक्के सेलेनियम सल्फाइड होते. उरलेल्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांकडे बोट दाखवून करखाते म्हणत होते की, हा शाम्पूच. न्यायालयाने उलट निर्णय दिला. रोग्याला जेवढी मात्रा द्यावयाची तेवढी पूर्ण मात्रा त्या अडीच टक्क्यांत आहे. बाकीचे द्रव्य हे ती वाहून नेणारे वाहन होय. बाटलीवर सावधगिरीची सूचना होती आणि परवानाही औषधाचा होता. दोन्ही निकाल आम्हांस न्याय्य वाटतात, कारण दोहोंतही न्यायमूर्तींनी प्रथम ती वस्तू विकत घेणाऱ्या माणसाकडे पाहिले.

पुढे ही रेषा पुसट होत गेली. २००३ साली कलकत्त्याच्या एका उत्पादकाचे ‘बनफूल’ तेल औषध ठरले. दुकानात चिठ्ठीवाचून मिळते किंवा औषधी द्रव्यांचे प्रमाण अल्प आहे, एवढ्यावरून औषधपण जात नाही, असे न्यायालय म्हणाले. २००६ मध्ये नागपूरच्याच प्यूमा आयुर्वेदिक हर्बलच्या कोंड्यावरील तेलासारख्या वस्तूंनाही औषधाचा मान मिळाला. कायद्याच्या दृष्टीने या निकालांत दोष काढणे कठीण आहे. परंतु त्यांतून बाजाराने जो धडा घेतला तो निराळा होता. ग्रंथोक्त वनस्पतींपैकी दोन-चार वनस्पती तेलात घालाव्यात, आयुर्वेदिक औषधाचा परवाना काढावा आणि कर औषधाचा भरावा. जाहिरात मात्र घनदाट केशकलाप मिरविणाऱ्या तरुणीची करावी, हा तो धडा.

आमचा खरा आक्षेप आहे तो या दुटप्पी बोलण्याला. करअधिकाऱ्यासमोर उभा राहिला की कारखानदार म्हणतो, हे औषध आहे. दूरदर्शनसंचावर तोच म्हणतो, रोज लावा, सर्वांनी लावा, जन्मभर लावा! मधुमेहासारख्या व्याधीची गोष्ट वेगळी; पण निरोगी माणसाने जन्मभर घ्यावे असे औषध आम्हांस तरी ठाऊक नाही. शिवाय १९४५ च्या औषध नियमावलीला ‘जे’ नावाचे एक परिशिष्ट आहे. कोणकोणत्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा औषधाने करू नये, त्यांची यादी तेथे दिलेली आहे. तीत कर्करोग आहे, आणि टक्कलही आहे. अकाली केस पिकणे आणि नवे केस उगवणे, हेही त्यात येते. परिशिष्टाची ही मर्यादा आयुर्वेदिक तेलांना कितपत लागू पडते, यावर वकील वाद घालोत. ज्या गोष्टीचे आश्वासन औषधाने देऊ नये असे सरकारला एके ठिकाणी वाटते, त्याच आश्वासनावर विकले जाणारे तेल दुसऱ्या ठिकाणी औषध म्हणून कमी कर भरीत होते, एवढे आम्ही नोंदवितो.

या साऱ्यात खरा रोगी बाजूला पडला. डोक्याला सोरायसिस झालेला किंवा कोंड्याच्या चिवट विकाराने हैराण झालेला माणूस डॉक्टरांच्या चिठ्ठीने केटोकोनॅझोलचा शाम्पू घेतो, तो हौसेखातर नव्हे. त्याच्या बाटलीला औषध म्हणण्यास कोणाचीच हरकत असू नये.

करकपातीने हा वाद संपला असे ज्यांना वाटत असेल त्यांनी त्याच सूचीतील पुढची ओळ वाचावी. तेल आणि शाम्पू ५ टक्क्यांत आले. केसांचे क्रीम, कलप आणि केस मऊ करणारी द्रव्ये १८ टक्क्यांतच राहिली. टाळूला लावावयाचे मिनॉक्सिडिलचे द्रावण औषध म्हणून ५ टक्क्यांत, आणि त्याच्या शेजारी, तशाच काचेच्या बाटलीतील, केस वाढविण्याचे वचन देणारे ‘सीरम’ १८ टक्क्यांत! तेरा टक्क्यांच्या या अंतरावर उद्याचे दावे उभे राहतील, यासाठी ज्योतिषाची गरज नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. तेलाच्या बाबतीत आज दोन्ही पक्षांचा पैशाचा स्वार्थ नाहीसा झालेला आहे. अशा वेळी व्याख्या नीट करून घेणे सर्वांत सोपे. औषध कोणते, हे औषधाचा परवाना देणाऱ्या खात्याने एकदाच ठरवावे, आणि ते करखात्यावर बंधनकारक असावे. शुल्क अधिकाऱ्याने पुन्हा वैद्य होऊन बाटली हुंगू नये. मात्र त्या परवान्याची किंमतही पुरेपूर मोजली गेली पाहिजे. ज्याला औषध म्हणवून घ्यावयाचे आहे त्याने वेष्टनावर रोगाचे नाव, मात्रा आणि किती दिवस वापरावे हे ठळक मराठीत किंवा त्या त्या प्रांताच्या भाषेत छापावे, आणि रोजच्या शृंगाराची जाहिरात करू नये. लहान औषधशाळांवर याचा बोजा पडेल, अशी तक्रार होईल. पण प्रामाणिक वैद्य आजही हे सारे रोग्याला तोंडी सांगतोच.

जुन्या दराच्या काळातील जे दावे अद्याप लोंबकळत आहेत, तेही याच कसोटीवर तडजोडीने मिटवावेत. वस्तू व सेवा कर परिषदेने आरोग्य मंत्रालयाला बरोबर घेऊन हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर घ्यावा, आणि महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांनी तो मांडावा. दंतमंजन आणि कोंड्यावरचे तेल या दोन्ही दाव्यांचा उगम नागपुरात झालेला असल्यामुळे, तो मांडण्याचा अधिकार या राज्याला इतरांपेक्षा काहीसा अधिकच आहे.