वेगवान मोटारींची चढाओढ आणि कामरगावचा ट्रॅक्टर

मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी या तीन जर्मन कंपन्यांमध्ये आलिशान व वेगवान मोटारींच्या बाजारावरून गेली चाळीस वर्षे झुंज चालू आहे. कामरगावच्या शेतकऱ्याला आणि दुकानदाराला तिच्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आमच्या मते देणेघेणे आहे. विकणारे आपसांत झुंजू लागले की घेणाऱ्याचा भाव कसा वधारतो, हा व्यापारातला जुना धडा या झुंजीत स्वच्छ दिसतो.

१९८५ साली बीएमडब्ल्यूने एम५ ही मोटार आणली. दिसायला चार दारांची घरगुती गाडी, आत मात्र २८६ अश्वशक्तीचे इंजिन. मर्सिडीजने १९९० साली ५००ई ही मोटार उतरवून उत्तर दिले. तिची ताकद ३२६ अश्वशक्तीची होती आणि ती बांधण्यासाठी मर्सिडीजने पोर्शे कंपनीची मदत घेतली होती. ऑडीने चारही चाकांना जोर देणाऱ्या आपल्या क्वाट्रो पद्धतीवर भिस्त ठेवून २००२ साली ४५० अश्वशक्तीची आरएस६ बाजारात आणली. त्याच वर्षी मर्सिडीजची ई५५ एएमजी ४७६ वर पोहोचली, तर २००४ साली बीएमडब्ल्यूने दहा सिलिंडरचे, ५०७ अश्वशक्तीचे इंजिन बसवून दोघींना मागे टाकले. २०२४ साली आलेली एम५ पेट्रोल आणि वीज मिळून ७२७ अश्वशक्तीची आहे आणि तिचे वजन अडीच टनांच्या घरात गेले आहे.

गंमत अशी की, याच कंपन्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ताशी २५० किलोमीटरच्या पुढे मोटारीचा वेग जाऊ न देण्याचा आपसांत समझोता केला होता. पुढे जादा पैसे मोजणाऱ्याला ही मर्यादा थोडी वर सरकवून मिळू लागली, हा भाग वेगळा. आमच्या कारंजा तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर मोटारींना ताशी १२० किलोमीटरचीच परवानगी आहे. मग ७२७ अश्वशक्ती कशासाठी? उत्तर कापड दुकानदाराला विचारावे. तो भरजरी शालू काचेत लावतो आणि दिवसभर विकतो रोजच्या वापराच्या साड्या. एम५ काय किंवा एएमजी काय, हे त्या कंपन्यांचे काचेतले शालू आहेत. त्यांच्या नावाच्या दबदब्यावर साध्या मोटारी खपतात.

ही झुंज आपल्या राज्यातही आली. मर्सिडीजने १९९५ साली पुण्यात मोटारींची जुळणी सुरू केली आणि २००९ साली चाकणला स्वतःचा कारखाना उभा केला. ऑडीची जुळणी २००७ पासून तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, स्कोडाच्या कारखान्यात होऊ लागली. बीएमडब्ल्यूने त्याच वर्षी चेन्नईला कारखाना काढला. २००९ साली भारतातील विक्रीत बीएमडब्ल्यूने मर्सिडीजचा पहिला क्रमांक हिसकावला. २०१३ साली तो मान ऑडीकडे गेला आणि २०१५ साली पुन्हा मर्सिडीजकडे आला. इतक्या लवकर क्रमांक फिरतात, तेव्हा एकेका गिऱ्हाइकाला मोल येते.

हे मोल नेमके ओळखले ते औरंगाबादच्या उद्योजकांनी, व्यापाऱ्यांनी आणि डॉक्टर-वकिलांनी. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांनी एकत्र येऊन एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. एकटा गिऱ्हाईक शोरूममध्ये गेला असता तर त्याला चहा मिळाला असता. दीडशे जण एकत्र गेले म्हणून त्यांना सवलत मिळाली. आदल्याच वर्षी पहिला क्रमांक गमावलेल्या कंपनीला अशी मागणी नाकारणे परवडणारे नव्हते.

खरी गोष्ट पुढेच आहे. या खरेदीसाठी स्टेट बँकेने ४० कोटींहून अधिक कर्ज दिले आणि व्याजाचा दर ठेवला सुमारे ७ टक्के. त्याच काळात त्याच मराठवाड्यातला शेतकरी ट्रॅक्टरचे कर्ज कितीतरी चढ्या व्याजाने फेडत होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही तफावत त्याच वर्षाच्या अखेरीस देशापुढे मांडली. शेत नांगरणाऱ्या यंत्राला महाग पैसा आणि मिरवण्याच्या मोटारीला स्वस्त पैसा, हा न्याय आम्हांला तेव्हाही पटण्यासारखा नव्हता आणि आजही नाही.

बँकेची बाजूही ऐकली पाहिजे. मोटार घेणाऱ्याचे उत्पन्न दर महिन्याचे असते, शेतकऱ्याचे सोयाबीन-कपाशीच्या हंगामावर आणि पावसावर टांगलेले असते. दीडशे कर्जांचे कागद एका ठिकाणी, एकाच वेळी तयार होत असतील तर बँकेचा खर्चही वाचतो. हे सारे मान्य. परंतु यातले शेवटचे कारण आपल्या हातातले आहे, आणि नेमके तेच आपण वापरत नाही.

कामरगावात आणि आसपासच्या खेड्यांत ट्रॅक्टर घेतले जातात ते सुटेसुटे. एक जण पाडव्याला घेतो, दुसरा दसऱ्याला, तिसरा माल विकला गेल्यावर. प्रत्येक जण एकटाच विक्रेत्यापुढे बसतो, तो सांगेल तो भाव आणि तो दाखवील तीच कर्ज देणारी कंपनी मुकाट्याने पत्करतो. ट्रॅक्टरच्या कंपन्यांतही चढाओढ आहे, कर्ज देणाऱ्यांतही आहे. पण सुट्या गिऱ्हाइकापर्यंत तिचा लाभ पोहोचत नाही.

आमची सूचना साधी आहे. ज्यांना येत्या हंगामात ट्रॅक्टर, रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र घ्यायचे आहे अशा दहा-पंधरा जणांनी आधी एकत्र बसावे. निदान तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवावे आणि निदान तीन बँकांना एकत्रित मागणी दाखवून व्याजाचा दर विचारावा. दर ऐकताना केवळ हप्त्याचा आकडा न पाहता विमा, कागदपत्रांचा खर्च आणि मुदतीअखेर एकूण किती रक्कम जाणार, हे लिहून घ्यावे. पुढे जाऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढायची असेल तर कायद्याने दहा उत्पादक शेतकरी पुरेसे आहेत. त्या कंपनीच्या नावावर अवजारे घेऊन भाड्यानेही देता येतात. दुकानदारांनी किराणा आणि गॅरेजवाल्यांनी टायर, ऑइल, सुटे भाग एकत्र मागविले तर त्यांनाही घाऊक भाव मिळेल.

अडचण एकच आहे. एकत्र येण्यासाठी एकमेकांवर विश्वास लागतो, आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या गळ्यात पडेल ही भीती खोटी नाही. म्हणून खरेदी एकत्र करावी, कर्ज मात्र ज्याचे त्याच्या नावावर ठेवावे. औरंगाबादच्या मंडळींनीही घासाघीस एकत्र केली, मोटार ज्याची त्याने नेली.

सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. मोठ्या मोटारींवर उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा करही ४० वर आला. म्हणजे सरकारने दोघांनाही सूट दिली. व्याजातली सूट मात्र सरकारी फर्मानाने सहसा मिळत नाही, ती मागावी लागते आणि मागणाऱ्याच्या पाठीशी संख्या असावी लागते. दीडशे धनवंतांनी ती मागून घेतली. कामरगावच्या पंधरा शेतकऱ्यांनी मागून पाहायला काय हरकत आहे?