किरकिर, कुरकूर आणि गाऱ्हाणे

इंग्रजीतील ‘व्हाइन’ व ‘व्हिंज’ या दोन्ही क्रियापदांसाठी मराठीत ‘कुरकुरणे’ हा एकच पर्याय सहज सुचतो. वस्तुतः पहिल्यात नाद प्रधान आहे. कुत्रे, डास, यंत्र आणि हट्टी मूल यांना तो सारखाच लागू पडतो. दुसऱ्यात माणसाचे सततचे तक्रार करणे प्रधान असून तो शब्द ब्रिटन व ऑस्ट्रेलियात रुळलेला, अमेरिकेत विरळ आहे.

मराठीला हा भेद अपरिचित नाही. किरकिर करते ते झोपेला आलेले किंवा अंगात कसर असलेले मूल. नेमके काय हवे, हे त्यालाही सांगता येत नाही. रातकिड्याचीही किरकिरच. कुरकूर मात्र जाणत्या माणसाची. सुनेने पहाटे दळण दळले, पण कुरकुरत, असे म्हटले की काम झाले आणि नाराजीही लपली नाही, हे दोन्ही कळते. खाट कुरकुरते तीही भार पडल्यावरच. कुरकुरीला कारण असते. किरकिरीचे कारण विचारण्याची गरज ऐकणाऱ्याला वाटत नाही. (‘कटकट’ हा तर सर्वस्वी ऐकणाऱ्याच्या त्रासाचा शब्द!)

येथे प्रश्न केवळ शब्दार्थाचा राहत नाही. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये राज्यातील विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये असा मोजून दाखविला. तरीही पाण्याची वा रस्त्यांची मागणी म्हणजे ‘मराठवाड्याचे रडगाणे’ असे म्हणण्याची सवय सुटलेली नाही. त्यात मागणी खोटी ठरविण्याची तसदी घ्यावी लागत नाही. आवाजाला नाव ठेवले की भागते. दलित साहित्याला समीक्षेने लावलेले ‘आक्रस्ताळे’ हे विशेषणही याच प्रकारचे होते. आशयाची दखल टाळून स्वराची पट्टी मोजणे, हे समीक्षेचे काम नव्हे.

‘गाऱ्हाणे’ या शब्दात ऐकणारा गृहीत असतो. कोकणात ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालतात तेव्हा जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. पैठणच्या एकनाथांनीही भारुडातील सासुरवाशिणीला भवानीआईपुढेच उभे केले. सारे सासर दूर व्हावे, ही तिची मागणी हास्यास्पद आहे, तिचा अध्यात्मार्थ निराळा आहे. पण ऐकणारी देवी समोर असल्याने तिला रडगाणे म्हणता येत नाही. जात्यावरच्या ओव्यांतील सासुरवासाला नाव देण्यापूर्वी त्या कोणाला उद्देशून आहेत, हे अभ्यासकाने पाहावे. तेथे माय असते, भाऊ असतो, पुष्कळदा ‘ईश्वर’ म्हणून हाक मारलेले जातेच असते.