जुन्या सायकलीचा मूळ रंग राखा

जुनी रॅले हाती आली की अनेकजण आधी तिला चकचकीत काळा रंग मारून घेतात. सोनेरी रेघा त्याखाली कायमच्या बुजतात. नॉटिंगहॅमला सुरू झालेल्या या कंपनीचा बगळ्याचा बिल्लाही मग उपरा वाटतो.

हे थांबायला हवं.

गंज रॉकेलने, हलक्या हाताने काढावा. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चरचा गिअरचा हब असेल, तर त्यावर बहुधा निर्मितीचं सालच कोरलेलं सापडतं; पॉलिशच्या नादात ते घासून टाकू नये. छर्रे, टायर, ब्रेकचे रबर मात्र बिनदिक्कत नवे घालावेत, कारण सायकल चालली पाहिजे. पुण्यात विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात अशा जुन्या सायकली पाहायला मिळतात.

विकताना काय बदललं ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं, आणि काढलेले मूळ भागही सोबत द्यावेत.